काटेकोर कंपनी काढतात

कंपनी काढायला दोन माणसं लागतात, हे काटेकोरांना कळलं तेव्हा त्यांच्याकडे एकच माणूस होता, आणि त्यालाही नुकतंच कामावरून काढलेलं होतं.

काटेकोर हे काही त्यांचं आडनाव नव्हे. वजनकाट्यांच्या कारखान्यात सव्वीस वर्षं तपासणीच्या टेबलावर बसलेल्या माणसाला लोकांनी दुसरं काय म्हणावं? तयार काटा त्यांच्यापुढे यायचा, ते त्याच्यावर पितळी वजनं ठेवायचे, आणि अर्ध्या ग्रॅमचा फरक दिसला तरी काटा आल्या वाटेने परत जायचा. घरीही तेच. खोकल्याचं औषध डोळ्यांच्या रेषेत धरून मोजायचे, पडद्याची दोन्ही टोकं जमिनीपासून सारखी आहेत ना, हे फूटपट्टी लावून बघायचे. अशा माणसाबरोबर संसार करणं सोपं नसतं. पण त्यांच्या पत्नी शाळेत गणित शिकवायच्या, त्यामुळे निभावलं. या पत्नींना अख्खी इमारत 'बाई' म्हणायची, आपणही तेच म्हणू.

तर कारखान्याने तपासणी विभाग बंद केला. म्हणजे तपासणी बंद केली नाही, विभाग बंद केला. हा फरक व्यवस्थापकांनी काटेकोरांना खुर्चीत बसवून, पाण्याचा ग्लास पुढे सरकवून समजावला.

"काम तेच, टेबल तेच. फक्त यापुढे ते बाहेरच्या कंपनीने करायचं."

"म्हणजे कुठल्या?"

"कुठल्याही. तुमचीसुद्धा चालेल."

"मग मीच करतो की."

"तुम्हाला नाही हो देता येणार. तुम्ही माणूस आहात," व्यवस्थापक दिलगिरीच्या सुरात म्हणाले. "तुमच्या कंपनीला देता येईल. महिनाअखेरपर्यंत नोंदणीचं प्रमाणपत्र आणा आणि बसा टेबलावर. आणि हो, संचालक दोन हवेत. एक गेला तर काम अडायला नको."

"कुठे गेला तर?"

व्यवस्थापकांनी छताकडे पाहिलं.

काटेकोर घरी आले. त्रेपन्न वर्षांचा माणूस सकाळी साडेदहाला घरी आला की घरातल्या वस्तूसुद्धा त्याच्याकडे परक्यासारख्या बघतात. ते खुर्चीवर बसले, उठले, पलंगावर बसले, पुन्हा खुर्चीवर आले. पैशांचं एक वेळ भागलं असतं, बाईंचा पगार होता. पण टेबल गेलं तर सकाळी उठून जायचं कुठे आणि कोण म्हणून जायचं, हे त्यांना कळेना. ते टेबल त्यांना परत हवं होतं, बस. त्यासाठी कंपनी तर कंपनी.

फोटोकॉपीच्या दुकानावर एक सल्लागार बसायचे. लाकडी जिना चढून गेलं की पंख्याखाली कागद उडू नयेत म्हणून प्रत्येक गठ्ठ्यावर काही ना काही ठेवलेलं दिसायचं. एकावर कुलूप, एकावर चष्म्याचं घर, एकावर त्यांचा स्वतःचा डावा हात. त्या हाताखालचा गठ्ठा महत्त्वाचा, असं समजायचं.

"कंपनी ना? चुटकीसरशी," सल्लागार म्हणाले. "आठ दिवस."

"आठ म्हणजे सात की नऊ?"

"आठ म्हणजे आठ-पंधरा हो." सल्लागारांनी यंत्रातून निघालेले कागद पुढे केले. "ही कंपनीची उद्दिष्टं. बघून घ्या."

काटेकोर बघून घेणाऱ्यांतले असल्यामुळे त्यांनी चौदाच्या चौदा पानं वाचली. पहिल्या कलमात वजनकाट्यांची तपासणी होती. दुसऱ्यात खाणकाम, तिसऱ्यात हवाई वाहतूक आणि चौथ्यात मत्स्यपालन.

"मी मासे पाळणार नाही," काटेकोर म्हणाले.

"राहू द्या हो. पुढेमागे लागलं तर?"

"नाही लागणार. मी त्रेपन्न वर्षांचा आहे, मला पोहता येत नाही."

सल्लागारांनी सुस्कारा सोडून मासे काढले. खाणकाम मात्र शेवटपर्यंत राहिलं. आजही कायद्याच्या दृष्टीने काटेकोर कधीही उठून खाण खोदू शकतात.

दुसरा संचालक म्हणून अर्थातच बाई. यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. पण शाळा अनुदानित निघाली, आणि अनुदानित शाळेतल्या शिक्षकाला कुठल्याही कंपनीत पद घ्यायचं तर वरून परवानगी लागते. मुख्याध्यापिकाबाईंनी अर्ज चष्मा वर करून एकदा वाचला, खाली करून एकदा वाचला.

"मिस्टरांची कंपनी काय करते?"

"अजून काही नाही करत."

"मग तुम्ही तिथे काय करणार?"

"मीही काही नाही करणार."

"मग परवानगी कशाची द्यायची?" असं म्हणून त्यांनी अर्ज वर पाठवला. वरून उत्तर यायला तीन महिने लागतात. महिनाअखेर बावीस दिवसांवर होती.

ती एक आघाडी अडलेली असताना दुसरी कोसळली. कंपनीला कार्यालय लागतं, आणि काटेकोर राहत होते भाड्याच्या घरात. घरमालकाचं ना-हरकत पत्र हवं होतं. घरमालक तळमजल्यावर राहायचा आणि हरकत हा त्याचा आवडता विषय होता.

"आज कंपनी म्हणताय. उद्या कारखाना घालाल. परवा माझ्या छातीवर बसाल."

"अहो, नुसता पत्ता वापरायचा आहे."

"पत्ता माझाच आहे ना?"

काटेकोर जिना चढत असताना वरच्या मजल्यावरचे निवृत्त बँकवाले भेटले. हे गृहस्थ लोकांना वाटेत गाठून मोफत सल्ला द्यायचे आणि तो न घेणाऱ्याशी वर्षभर बोलायचे नाहीत. सगळं ऐकून ते खूश झाले.

"आपल्या राज्यात कंपनी काढणं म्हणजे शुद्ध वेडेपणा!" ते म्हणाले. "मुद्रांक शुल्क बघितलंत का? मी तक्ता करून ठेवलाय." त्यांनी खरोखरच तक्ता आणला. त्यात सगळी राज्यं, प्रत्येकाचं शुल्क आणि शेवटच्या रकान्यात शेरा होता. आपल्या राज्यापुढे शेरा होता, 'लूट'. शेजारच्या राज्यापुढे होता, 'उत्तम'. "डोळे मिटून तिकडे नोंदवा. तिकडे कोणी नातेवाईक आहे का? घर असलेला?"

काटेकोर म्हणाले, "नाही."

दारात उभ्या असलेल्या बाई म्हणाल्या, "अक्का आहेत की."

"तिचं घर नको," काटेकोर म्हणाले आणि आत निघून गेले.

आता इथे सांगायलाच हवं. अक्का ही काटेकोरांची सख्खी थोरली बहीण. सीमेपलीकडच्या एका छोट्या गावात राहायची, एसटीने चार तास. तिच्या यजमानांचं, दाजींचं, घराच्या पुढच्या खोलीत किराणा दुकान होतं. आठ वर्षांपूर्वी काटेकोर सुट्टीत तिकडे गेले होते. दुकानात चार गिऱ्हाइकं उभी होती. काटेकोरांनी सवयीने खिशातलं पितळी वजन काढलं, दाजींच्या काट्यावर ठेवलं आणि मोठ्याने, स्वच्छ आवाजात म्हणाले, "दाजी, तुमचा काटा अकरा ग्रॅमने खोटा आहे."

वास्तविक तो काटा गिऱ्हाइकाला अकरा ग्रॅम जास्त देत होता. दाजी वर्षानुवर्षं स्वतःचं नुकसान करून घेत होते. पण काटेकोरांना हे दुसरं वाक्य बोलायला अवधीच मिळाला नाही. 'खोटा' हा शब्द ऐकून दाजी तसेच आत निघून गेले, चारही गिऱ्हाइकं बाहेर निघून गेली, आणि गाव छोटं असल्यामुळे संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळलं की दुकानदाराच्या मेव्हण्यानेच त्याची लबाडी पकडली. दुकान त्यानंतर सावरलं नाही. दाजी पुन्हा काटेकोरांशी बोलले नाहीत. दोन वर्षांनी ते वारले, तेव्हा काटेकोर गेले नाहीत. आणि त्यानंतर सहा वर्षं अक्का आणि काटेकोर यांच्यात एक शब्द नाही.

"मी काही चुकीचं मोजलं नव्हतं," काटेकोर आतून म्हणाले.

"तुम्हाला कोणी काही म्हटलंय का?" बाई म्हणाल्या. "अठरा दिवस राहिलेत. घर तिथे आहे आणि संचालकही तिथेच आहे. बघा बुवा."

काटेकोरांनी फोन हातात घेतला, खाली ठेवला, पुन्हा घेतला. शेवटी फोन न करताच ते दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीत बसले. फोनवर नाही म्हणणं सोपं जातं, दारातल्या माणसाला जरा जड जातं, असा त्यांचा हिशेब होता.

अक्काने दार उघडलं. केस सगळे पांढरे झाले होते. तिने भावाकडे पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"काय काम आहे?"

काटेकोर म्हणाले, "विजेचं बिल हवं होतं."

"काय?"

"कंपनी काढतोय. कार्यालयाच्या पत्त्याला बिल लागतं. आणि तुझी सही. संचालक म्हणून."

अक्का दाराला धरून उभी राहिली. "सहा वर्षांनी दारात आलास," ती सावकाश म्हणाली, "आणि विजेचं बिल मागतोस."

काटेकोरांना वाटलं, आता दार लागतं. पण अक्का आत गेली. ते दारातच उभे राहिले. पुढची खोली रिकामी होती, फळ्या होत्या, फळ्यांवर डबे नव्हते. ती बिल घेऊन आली आणि त्यांच्या हातात दिलं. त्यावर दाजींचं नाव होतं.

"अक्का, हे तुझ्या नावावर करून घ्यावं लागेल."

"का?"

"म्हणजे... मालक म्हणून तुझी ना-हरकत लागते. बिल एकाच्या नावावर आणि सही दुसऱ्याची, असं चालत नाही."

"मग त्यांचंच नाव राहू दे. महिन्याला एक कागद येतो त्यांच्या नावाने. टपालवाला हाक मारतो. तेवढंच." अक्काने बिल परत घेतलं, घडी घातली. "आणि तिथे खिडकीत जाऊन सांगू काय मी? हा माणूस आता वीज वापरत नाही म्हणून?"

सव्वीस वर्षांच्या नोकरीत काटेकोरांनी हे कधी मोजलं नव्हतं. ते निघाले. फाटकापर्यंत पोचले तेव्हा मागून अक्काने विचारलं, "कंपनी कशाला हवी तुला? नोकरी आहे ना?"

"गेली."

"कधी?"

"झाले आठ-दहा दिवस." काटेकोर आयुष्यात पहिल्यांदाच 'आठ-दहा' म्हणाले.

अक्काने चपला घातल्या. "चल," ती म्हणाली. "वीजवाल्यांची खिडकी साडेपाचला बंद होते."

वीज कार्यालयात सहा खिडक्या होत्या आणि दोन उघड्या होत्या. तीन नंबरच्या खिडकीतल्या कारकुनाने अर्ज उलटून पाहिला. "सध्याच्या ग्राहकाची सही राहिलीय."

"ते वारले," काटेकोर म्हणाले.

"मग त्याचा अर्ज वेगळा. खिडकी पाच."

पाच नंबरची खिडकी बंद होती. तिथला कारकून जेवायला गेला होता, चार वाजता. पावणेपाचला तो दात कोरत आला. नव्या अर्जात एक रकाना होता, 'नाव बदलण्याचे कारण'. काटेकोर लिहायला लागले तशी अक्का म्हणाली, "ते नको लिहूस."

"मग काय लिहू?"

"काहीतरी दुसरं लिही."

काटेकोरांनी पेन हवेत धरलं. मग लिहिलं, 'ग्राहक सध्या घरी नाहीत.'

कारकुनाने वाचलं. "सध्या म्हणजे? कधी येणार?"

मागच्या रांगेतला एक माणूस हसला. अक्काने भावाच्या हातातलं पेन घेतलं, ते वाक्य खोडलं आणि स्वतःच्या हाताने लिहिलं, 'वारले.' एवढंच. अक्षर वाकडं आलं. बाहेर पायरीवर ती जराशी बसली. काटेकोर शेजारी उभे होते. तिच्या खांद्यावर हात ठेवावा, असं त्यांना फार वाटलं. ठेवायचा कसा, हे आठवेना, म्हणून त्यांनी तिची पिशवी धरली.

"पिशवी कशाला धरलीस?" अक्काने विचारलं.

"जड असेल म्हणून."

"रिकामी आहे ती."

यापुढे सगळं सुरळीत व्हावं, असं कोणालाही वाटेल. पण संगणकावर अक्काची ओळख पटवायची होती. त्यासाठी तिने फोनसमोर बसून ओळखपत्र हनुवटीखाली धरायचं, आपलं नाव सांगायचं आणि सांगितल्याबरोबर डोळे मिचकावायचे. सल्लागार तिकडून फोनवर सूचना देत होते, काटेकोर इकडे फोन धरून उभे होते, फोन हलू नये म्हणून कोपराखाली उशी घेतली होती.

फोनमधून एका बाईचा आवाज आला, "कृपया डोळे मिचकावा."

अक्का तशीच बसली.

"अक्का, मिचकाव ना."

"परक्या बाईसमोर?"

"ती बाई नाही, यंत्र आहे."

"मग तर मुळीच नाही. सत्तावन्न वर्षांत मला कोणी डोळे मिचकावायला सांगितलं नाही, आता यंत्राचं ऐकू?"

चार वेळा ओळख नाकारली गेली. पाचव्या वेळी अक्काच्या डोळ्यात काहीतरी गेलं आणि कंपनीचा दुसरा संचालक कायद्याने सिद्ध झाला.

मग नाव. काटेकोरांनी सुचवलेली नऊ नावं दुसऱ्या कोणी ना कोणी आधीच घेतलेली निघाली. 'अचूक' नावाच्या तर एकशे तीन कंपन्या होत्या. एवढ्या अचूक लोकांच्या देशात आपली नोकरी का गेली, असा प्रश्न काटेकोरांना पडला. दहाव्या खेपेला सल्लागारांनी डाव्या हाताखालचा गठ्ठा सोडून आपणहून एक नाव टाकलं, त्याला काहीही अर्थ नव्हता, ते ताबडतोब मंजूर झालं. ते नाव मी मुद्दाम सांगत नाही. काटेकोरही कोणाला सांगत नसत.

मग संकेतस्थळ दोन दिवस बंद पडलं. मग काटेकोरांच्या फोटोत कान दिसत नव्हते म्हणून अर्ज परत आला. बाईंनी त्यांचे केस कानांमागे पिना लावून बसवले आणि पुन्हा फोटो काढला. त्या फोटोतले काटेकोर बघवत नाहीत. अठ्ठावीस तारखेला सकाळी मात्र प्रमाणपत्र आलं. त्याच्यावर शिक्का होता, लांबलचक क्रमांक होता, आणि पत्त्यात अक्काचं गाव होतं. काटेकोरांनी ते तीन वेळा वाचलं. नंतर बाईंनी एकदा वाचलं आणि डोळे पुसले. बँकवाले जिन्यातच भेटले. "बघा, म्हणालो नव्हतो!" असं म्हणून त्यांनी तक्त्यात त्या राज्यापुढे आणखी एक खूण केली.

काटेकोर इस्त्रीचा शर्ट घालून कारखान्यात गेले. व्यवस्थापक उठून उभे राहिले. सव्वीस वर्षांत त्यांच्यासाठी कोणी उठून उभं राहिलं नव्हतं, पण आता ते माणूस नव्हते ना.

"वा वा, दोन संचालक, नोंदणीकृत कार्यालय, सगळं चोख," व्यवस्थापक प्रमाणपत्र वाचत म्हणाले. मग त्यांनी तारखेवर बोट ठेवलं. "नोंदणी परवाची दिसते."

"हो. महिनाअखेरच्या आत."

"आत आहे, प्रश्नच नाही. पण गेल्या आठवड्यात मुख्यालयाचं नवं पत्रक आलं." त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. तो ग्लास पुढे सरकताना बघितला आणि काटेकोरांना सगळं कळलं. "कंपनीला या कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव हवा."

"मला सव्वीस आहे."

"तुम्हाला आहे. कंपनीला तीन दिवसांचा आहे."

काटेकोर बसून राहिले. भांडावं, ओरडावं, ग्लास फेकावा, असं बरंच मनात येऊन गेलं. त्यातलं काहीच त्यांना येत नव्हतं. व्यवस्थापकांनी आवाज खाली आणला. "दुसऱ्या एका कंपनीला काम दिलंय. त्यांची माणसं नवीन आहेत हो, प्रमाणवजनं हाताने धरतात. दोन दिवस येऊन शिकवाल का? पाहुण्यांचा पास काढून देतो."

काटेकोर गेले शिकवायला. 'कशाला गेलात?' म्हणून बाई चिडल्या. पण उघड्या बोटांनी कोणी पितळी वजन धरतंय, बोटांचा घाम लागून त्याचं वजन बदलतंय, हे त्यांना घरी बसून सहन होईना. ते छातीवर 'पाहुणा' असा पास लावून दोन दिवस आपल्याच टेबलाशेजारी उभे राहिले. खुर्ची कोणी दिली नाही, त्यांनीही मागितली नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फाटकावर पास परत केला, तेव्हा पहारेकऱ्याने त्यांच्याकडून सही घेतली आणि नेहमीप्रमाणे "उद्या या" म्हणाला. मग त्याच्या लक्षात आलं आणि तो आपला रजिस्टर चाळत बसला.

पुढे काटेकोरांना एका पार्सल पाठवणाऱ्यांच्या गोदामात काम मिळालं. पार्सल काट्यावर ठेवायचं, आकडा वाचायचा, चिठ्ठी चिकटवायची. तो काटा आठ ग्रॅमने चुकीचा होता. पहिल्याच दिवशी त्यांच्या ते लक्षात आलं. ते कोणालाही काही बोलले नाहीत.

आता प्रश्न राहिला कंपनीचा. ती बंद करावी म्हणून काटेकोर लाकडी जिना चढून सल्लागारांकडे गेले.

"बंद?" सल्लागार दचकले. "अहो, काढणं सोपं असतं. बंद करायला आधी एक वर्ष काही न करता काढावं लागतं."

"मी काहीच करत नाहीये."

"तुम्ही नाही हो, कंपनीने. आणि त्या वर्षात वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागेल. नाहीतर दंड. ती नोंदणीकृत कार्यालयातच घ्यायची. एकवीस दिवस आधी लेखी सूचना, हजेरी, इतिवृत्त, सगळं रीतसर."

काटेकोरांनी कपाळावर हात मारून घेतला. ज्या कंपनीने काही केलं नाही, करणार नाही, तिने जमून त्यावर चर्चा करायची. पण कायदा म्हणजे कायदा, आणि नियम मोडणं त्यांच्या रक्तात नव्हतं. वर्ष सरत आलं तेव्हा सूचना आपणच लिहावी, असं ते ठरवत होते, तोवर अक्काचंच पाकीट आलं. पत्ता कसोशीने लिहिलेला, आत वहीच्या पानावर सभेची तारीख, वेळ सकाळी अकरा, आणि खाली विषय ओळीने. सल्लागारांना फोन करून तिने नमुना विचारून घेतला होता. बरोबर बावीस दिवस आधी पोचलं होतं.

काटेकोर सकाळच्या एसटीने गेले. दुकानाच्या जागी बाहेर कंपनीची पाटी लागली होती, ती कायद्याने लागतेच. आत फळ्या पुसलेल्या होत्या, टेबलावर कापड होतं, समोरासमोर दोन खुर्च्या होत्या, पाण्याचे दोन ग्लास झाकून ठेवले होते.

"बस," अक्का म्हणाली. "हजेरी घे."

काटेकोरांनी वही उघडली. उपस्थित, दोन. गैरहजर, कोणी नाही. अध्यक्षपदासाठी काटेकोरांनी अक्काचं नाव सुचवलं, आणि अनुमोदन द्यायला दुसरं कोणी नसल्यामुळे अक्कानेच ते दिलं. वर्षभराचा अहवाल काटेकोरांनी वाचला. तो एका वाक्याचा होता. 'कंपनीने काही केले नाही.' अक्काने मान डोलावली आणि तो मंजूर झाला. हिशेबपत्रकात सगळे आकडे शून्य होते, बेरीज शून्य होती. ती काटेकोरांनी दोनदा तपासली.

"शेवटचा विषय," ते म्हणाले. "अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय. काही नसेल तर सभा संपली असं लिहितो."

"आहे एक," अक्का म्हणाली.

काटेकोरांनी वर पाहिलं.

"ते गेले तेव्हा तू का आला नाहीस?"

रस्त्यावरून एक सायकल घंटा वाजवत गेली. काटेकोरांनी पेन खाली ठेवलं, परत उचललं. हा प्रश्न कधीतरी येणार हे त्यांना ठाऊक होतं. इतकी वर्षं त्यांनी त्याचं उत्तर तयार ठेवलं होतं. त्यात दाजींचा स्वभाव होता, अकरा ग्रॅम होते, मी चुकीचं मोजलं नव्हतं हे होतं. त्यातलं काही त्यांच्या तोंडून निघेना.

"आलो होतो," ते म्हणाले.

"कुठे?"

"कोपऱ्यापर्यंत. त्या इस्त्रीवाल्याच्या दुकानापाशी. लोक दिसले दारात. मला वाटलं, मला बघून कोणीतरी त्या काट्याचा विषय काढेल. तुझ्यासमोर. त्या दिवशी. उभा राहिलो तासभर. मग पुढच्या एसटीने परत गेलो. घरीही सांगितलं नाही. लाज वाटली गं, अक्का."

अक्काने ग्लासवरचं झाकण काढलं, परत ठेवलं.

"मी दाराकडे बघत होते," ती म्हणाली. "सगळा दिवस."

काटेकोरांनी मान खाली घातली.

"लिही," अक्का म्हणाली.

"काय लिहू?"

"म्हणालास ते. इतिवृत्तात सगळं लिहावं लागतं ना?"

काटेकोरांनी डोळे पुसले आणि आपल्या ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'एक संचालक त्या दिवशी कोपऱ्यापर्यंत आले होते, असे त्यांनी सभेस सांगितले. सभेने नोंद घेतली.' त्यांनी वही फिरवून तिच्यापुढे ठेवली. अक्काने ते बोट फिरवत वाचलं, दुसऱ्यांदा वाचलं, आणि खाली सही केली.

"आता पुढची कधी?" तिने विचारलं.

"वार्षिक सभा एका वर्षाने. शिवाय संचालकांच्या सभा असतात. त्या वर्षातून कमीत कमी दोन."

"मी कमीत कमी विचारलं नाही. जास्तीत जास्त किती घेता येतात?"

काटेकोरांनी कायद्याचं पुस्तक पानापानाने वाचलं होतं. त्यांनी जरा आठवून बघितलं.

"त्याला मर्यादा नाही," ते म्हणाले.

"मग ते पण लिही," अक्का म्हणाली, आणि चहा टाकायला आत गेली.